पान, ओळ आणि वृक्ष : वेबपानातील मजकूर बदलण्याच्या रीतींचा इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी 1990 च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची उभारणी केली, तेव्हा वेबपान म्हणजे वाचण्याचा दस्तऐवज अशीच त्यामागची कल्पना होती. हा दस्तऐवज ज्या भाषेत लिहिला जातो ती एचटीएमएल ही खुणांची भाषा असून, मजकुराच्या कोणत्या भागाला शीर्षक म्हणायचे, कोणता भाग परिच्छेद आणि कोणता दुवा, हे तीत कोनी कंसांत लिहिलेल्या टॅग नावाच्या खुणांनी सांगितले जाते. ब्राउझरने दूरच्या सर्व्हरकडून हा मजकूर मागवावा, खुणांप्रमाणे त्याची पडद्यावर मांडणी करावी आणि वाचकाने पुढच्या दुव्यावर टिचकी मारीपर्यंत स्वस्थ राहावे, एवढेच त्याचे काम होते. पानावरचा एक शब्द जरी बदलायचा असला, तरी विनंती पुन्हा सर्व्हरकडे जाई, तेथील एखादा प्रोग्राम नवे पान रचून पाठवी आणि टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या संथ गतीने ते संपूर्ण पान पुन्हा उतरे. अर्ज भरताना एक रकाना रिकामा राहिला, हे कळण्यासाठीही वाचकाला हा सारा खटाटोप सोसावा लागे.

वाचकाच्या यंत्रात उतरलेले पान तेथल्या तेथे बदलता यावे, यासाठी 1995 पासून ज्या रीती निघाल्या, त्यांच्या मुळाशी पानाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. पहिल्या दृष्टीने पान ही अक्षरांची एक सलग ओळ आहे आणि बदल करणे म्हणजे त्या ओळीत नवी अक्षरे घालणे. दुसऱ्या दृष्टीने पान हा एकात एक गुंतलेल्या घटकांचा वृक्ष आहे आणि बदल करणे म्हणजे त्या वृक्षाची एखादी फांदी जोडणे, तोडणे किंवा हलवणे. या दोन दृष्टींतली ओढाताण तीन दशके चालली असून, वेबपानांचा वेग आणि त्यांची सुरक्षितता या दोन्ही प्रश्नांची पाळेमुळे तिच्यातच सापडतात.

नेटस्केप कंपनीने एप्रिल 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांना कामावर घेतले, ते ब्राउझरमध्ये चालणारी एक हलकी प्रोग्रामिंग भाषा बसवण्यासाठी. आइक यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट अशी नावे धारण करून 4 डिसेंबर 1995 रोजी सन मायक्रोसिस्टिम्सबरोबरच्या संयुक्त घोषणेत ती जावास्क्रिप्ट या नावाने जाहीर झाली आणि नेटस्केप नॅव्हिगेटरच्या 1996 च्या प्रारंभी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीतून सर्वत्र पोचली. पानात मजकूर घालण्याचे तिचे मुख्य साधन होते ‘डॉक्युमेंट.राइट’ ही आज्ञा. पान उतरत असताना ब्राउझरचा पार्सर, म्हणजे खुणांचा मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणारा भाग, स्क्रिप्टपाशी आला की थांबे, स्क्रिप्ट चालवी आणि या आज्ञेने दिलेली अक्षरे जणू सर्व्हरकडूनच त्या जागी आली आहेत असे समजून पुढे वाचू लागे. पानाच्या तळाशी आपोआप उमटणारी ‘शेवटचा बदल’ अशी तारीख हा या आज्ञेचा त्या काळातला अगदी सर्रास दिसणारा उपयोग होता.

ही रीत पूर्णपणे पहिल्या दृष्टीची होती आणि तिची मर्यादाही त्यातूनच आलेली होती. पान एकदा पूर्ण उतरले की अक्षरांचा ओघ संपलेला असे. त्यानंतर ‘डॉक्युमेंट.राइट’ वापरल्यास ब्राउझर नवा दस्तऐवज उघडत असल्याचे समजे आणि आधीचे सगळे पान पुसून टाकी. या अडचणीवर काहींनी पानाचे फ्रेम नावाचे स्वतंत्र कप्पे पाडून, एका कप्प्यातल्या स्क्रिप्टने दुसऱ्या कप्प्यातले पान समूळ नव्याने लिहायचे, असा तोडगा काढला. उतरलेल्या पानात खऱ्या अर्थाने बदलता येण्याजोग्या जागा फारच थोड्या होत्या. अर्जातल्या रकान्यांमधली मूल्ये, पानाच्या पार्श्वभूमीचा रंग आणि ब्राउझरच्या तळपट्टीत सरकणारा संदेश एवढ्यांवर स्क्रिप्टचा हात चाले. ऑगस्ट 1996 मध्ये आलेल्या नॅव्हिगेटरच्या तिसऱ्या आवृत्तीने त्यांत चित्रांची भर घातली. चित्राचा पत्ता बदलला की त्याच जागी दुसरे चित्र उमटू लागले आणि माउसचा बाण वर येताच उजळणारी बटणे पुढची कित्येक वर्षे वेबपानांवर झळकत राहिली. मजकूर मात्र अजूनही हलत नव्हता. मांडणी एकदा केली की ती पुन्हा करण्याची सोयच ब्राउझरच्या रचनेत नसल्यामुळे, चित्राच्या बाबतीतही नवे चित्र जुन्याच चौकटीत बसवावे लागे.

1997 हे या इतिहासातले निर्णायक वर्ष होय. जूनमध्ये नेटस्केपची चौथी आवृत्ती आली आणि तिने लेयर, म्हणजे पानावर हव्या त्या ठिकाणी ठेवता येणारा स्वतंत्र थर, ही कल्पना पुढे केली. प्रत्येक थराला स्वतःचा दस्तऐवज असे. तो उघडून, त्यात ‘राइट’ करून, पुन्हा बंद केला की त्या थरापुरता मजकूर बदले. हा 1995 चाच विचार लहान लहान तुकड्यांत वाटलेला होता, कारण थराबाहेरच्या परिच्छेदाला स्पर्शही करता येत नसे. लेयरचा टॅग पुढे एचटीएमएलच्या कोणत्याही मानकात आला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर 4 प्रसिद्ध झाला आणि त्याने मुळातच वेगळी वाट धरली. पानातला प्रत्येक टॅग, मग तो शीर्षकाचा असो की यादीतल्या एका ओळीचा, ‘डॉक्युमेंट.ऑल’ नावाच्या संग्रहातून स्क्रिप्टच्या हाती आला. त्यातले काहीही बदलले की ब्राउझर संपूर्ण पानाची मांडणी पुन्हा करून घेई, म्हणजे वरचा परिच्छेद वाढला तर खालचा आपोआप खाली सरके. पुढच्या सगळ्या घडामोडींचा पाया या पुनर्मांडणीने घातला आणि याचे श्रेय मायक्रोसॉफ्टला निःसंकोचपणे द्यायला हवे.

याच आवृत्तीत ‘इनरएचटीएमएल’ हा गुणधर्म प्रथम अवतरला. एखाद्या घटकाच्या आतला सगळा मजकूर खुणांसह एका ओळीच्या रूपाने वाचता यावा आणि त्या जागी दुसरी ओळ देताच ब्राउझरने ती पार्स करून नवे घटक तयार करावेत, असे त्याचे काम आहे. त्याच्याच जोडीने घटकासकट सारे बदलणारा ‘आउटरएचटीएमएल’, खुणा वगळून निव्वळ अक्षरे देणारा ‘इनरटेक्स्ट’ आणि घटकाच्या आधी, नंतर, आत प्रारंभी किंवा आत शेवटी अशा चारांपैकी एका जागी मजकूर घालणारी ‘इन्सर्टअॅडजेसंटएचटीएमएल’ ही आज्ञा, असा पूर्ण संचच मायक्रोसॉफ्टने दिला. येथे एक बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘इनरएचटीएमएल’ वाचल्यावर जी ओळ हाती येते, ती लेखकाने लिहिलेली मूळ ओळ नसते. ब्राउझरने ती ओळ वाचून मनाशी जी रचना बांधलेली असते, तिच्यावरून तो नवी ओळ लिहून देतो. म्हणूनच लेखकाने लहान रोमन अक्षरांत लिहिलेल्या टॅगांची नावे एक्सप्लोरर मोठ्या अक्षरांत परत करी आणि अवतरणचिन्हे अनेकदा गाळून टाकी. ओळीच्या रूपाने वापरल्या जाणाऱ्या या सोयीच्या आत वृक्षच दडलेला होता, याचा हा उघड पुरावा आहे.

दोन ब्राउझरांच्या दोन तऱ्हा झाल्यामुळे प्रोग्रामरांना प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागे. एका शाखेत ‘डॉक्युमेंट.लेयर्स’ आहे का हे पाहायचे, दुसरीत ‘डॉक्युमेंट.ऑल’ आहे का हे पाहायचे आणि दोन्हीसाठी वेगळी स्क्रिप्ट चालवायची, हा त्या काळचा नित्यपाठ होता. या दुहीवर उपाय म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने लॉरेन वुड यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यगट नेमला, ज्यात दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते एकत्र बसले. त्यांच्या कामाचे पहिले फळ 1 ऑक्टोबर 1998 रोजी डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल, म्हणजेच डॉम, या मानकाच्या पहिल्या पातळीच्या रूपाने प्रसिद्ध झाले. या मानकाने दुसरी दृष्टी पूर्णपणे अंगीकारली. वंशावळीत जसा प्रत्येक व्यक्तीला एक पिता आणि कितीही मुले असतात, तसा येथे पानातल्या प्रत्येक घटकाला एक पालक आणि कितीही अपत्ये असतात, आणि टॅगांमधली अक्षरेसुद्धा नोड, म्हणजे वृक्षातील गाठ, म्हणूनच मोजली जातात. नवी गाठ निर्माण करण्यासाठी ‘क्रिएटएलिमेंट’ आणि ‘क्रिएटटेक्स्टनोड’, ती जोडण्यासाठी ‘अपेंडचाइल्ड’ आणि ‘इन्सर्टबिफोर’, काढण्यासाठी ‘रिमूव्हचाइल्ड’, अदलाबदलीसाठी ‘रिप्लेसचाइल्ड’ आणि नावानिशी शोधण्यासाठी ‘गेटएलिमेंटबायआयडी’ या आज्ञा आजही जशाच्या तशा चालतात.

या मानकात ‘इनरएचटीएमएल’ला स्थान मिळाले नाही. डॉमची रचना केवळ एचटीएमएलसाठी नव्हे तर एक्सएमएल या व्यापक भाषेसाठीही, आणि केवळ जावास्क्रिप्टसाठी नव्हे तर जावासारख्या भाषांसाठीही व्हावी, अशी कार्यगटाची भूमिका होती, आणि तात्त्विकदृष्ट्या ती निर्दोष होती. तिची किंमत मात्र रोज पाने लिहिणाऱ्याला मोजावी लागली. समजा, नाट्यगृहाच्या पानावर ‘आज नाटक रद्द’ असा परिच्छेद घालायचा आहे आणि त्यातला ‘रद्द’ हा शब्द ठळक हवा आहे. डॉमच्या रीतीने परिच्छेदाचा घटक निर्माण करायचा, ‘आज नाटक’ या अक्षरांची गाठ निर्माण करायची, ठळकपणाचा घटक निर्माण करायचा, ‘रद्द’ची गाठ निर्माण करायची, मग पहिली अक्षरे परिच्छेदाला जोडायची, दुसरी ठळक घटकाला जोडायची, ठळक घटक परिच्छेदाला जोडायचा आणि शेवटी परिच्छेद पानाला जोडायचा, अशा आठ आज्ञा द्याव्या लागतात. हेच काम ‘इनरएचटीएमएल’ने एका ओळीत होते आणि ती ओळ वाचताच पडद्यावर काय दिसणार, हेही डोळ्यांसमोर उभे राहते. शिवाय त्या काळच्या ब्राउझरांत ही ओळ वेगाने चाले, कारण संपूर्ण ओळ ब्राउझरच्या पार्सरकडे एकदाच सोपवली जाई, तर आठ आज्ञांसाठी स्क्रिप्टचे यंत्र आणि पानाचे यंत्र यांच्यात आठ वेळा ये-जा करावी लागे.

म्हणूनच मानकाने वगळलेली सोय व्यवहाराने सोडली नाही. नेटस्केपने 1998 मध्ये आपला मूळ प्रोग्राम खुला केल्यावर उभ्या राहिलेल्या मोझिला प्रकल्पाने डॉम मानकाचे पालन हे आपले ब्रीद मानले होते, तरीही त्याच्या ब्राउझरात ‘इनरएचटीएमएल’ घ्यावाच लागला. पाठोपाठ इतरांनीही तो घेतला आणि कोणत्याही मानकात नसलेला गुणधर्म प्रत्यक्षात सर्वत्र चालू लागला. ‘डॉक्युमेंट.ऑल’ची कथा तर याहून विलक्षण आहे. असंख्य जुन्या पानांत त्याच्या असण्यावरून ब्राउझर मायक्रोसॉफ्टचा आहे असे ठरवले जाई, म्हणून इतर ब्राउझरांनी तो उघडपणे स्वीकारला तर ती पाने चुकीच्या शाखेत शिरत, आणि नाकारला तर त्याची चौकशी न करता थेट वापर करणारी पाने मोडत. यावर निघालेला उपाय आजच्या एचटीएमएल मानकातही नोंदलेला आहे. हा संग्रह अस्तित्वात आहे, त्यातून घटक मिळतात, पण ‘तू आहेस का’ असे विचारल्यास तो नकारार्थी उत्तर देतो आणि त्याचा प्रकार विचारल्यास ‘अव्याख्यात’ असे सांगतो. जावास्क्रिप्टच्या नियमांत न बसणारे हे वर्तन मानककर्त्यांनी पूर्ण जाणीवपूर्वक लिहून ठेवले आहे.

मराठी वाचकांचा या तंत्राशी जो पहिला जिव्हाळ्याचा संबंध आला, तो देवनागरी टंकनाच्या निमित्ताने. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युनिकोडमधली देवनागरी पडद्यावर दिसू लागली होती, परंतु बहुतेक घरच्या आणि कचेरीतल्या संगणकांवर ती टंकण्याची सोय बसवलेली नसे. तेव्हा मनोगत आणि मायबोली यांसारख्या मराठी संकेतस्थळांनी लेखनाच्या चौकटीतच जावास्क्रिप्टच्या साह्याने ही सोय करून दिली, ज्यामुळे रोमन कळा दाबल्या तरी चौकटीत देवनागरी अक्षरे उमटू लागली. वरवर पाहता हे एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवण्याचे काम वाटते, पण देवनागरीत ते तेवढ्यावर भागत नाही. रोमन ‘के’ दाबताच ‘क्’ असा पाय मोडलेला वर्ण घालावा लागतो, लगेच ‘ए’ दाबला तर आधी घातलेला हलन्त काढून ‘क’ करावा लागतो, पुन्हा ‘ए’ दाबला तर ‘का’ करावा लागतो, आणि ‘ए’ऐवजी ‘के’नंतर दुसरे व्यंजन आले तर हलन्त तसाच ठेवून जोडाक्षर घडू द्यावे लागते. म्हणजेच प्रत्येक कळ दाबल्यावर स्क्रिप्टने मागे वळून, आधीच लिहिलेला मजकूर तपासून दुरुस्त करायचा असतो.

त्यात ब्राउझरांची दुही येथेही आड येत असे. चौकटीतले मूल्य बदलताच लेखनबिंदू उडी मारून मजकुराच्या शेवटी जाऊ शके, त्यामुळे परिच्छेदाच्या मध्यभागी दुरुस्ती करणाऱ्याचे पुढचे अक्षर भलत्याच जागी उमटण्याचा धोका असे. तो बिंदू मूळ जागी आणून ठेवण्यासाठी एक्सप्लोररमध्ये निवडलेल्या मजकुराचा पल्ला मागून त्यातच अक्षरे भरावी लागत, तर मोझिलाच्या कुळातल्या ब्राउझरांत निवडीचा प्रारंभ आणि शेवट सांगणारे आकडे वाचून, चौकटीतल्या मजकुराचे दोन तुकडे करून, मध्ये नवे अक्षर सांधावे लागे. या दोन्ही रीती ज्यांनी मराठीसाठी चिकाटीने एकत्र बसवल्या, त्यांचे ऋण मोठे आहे, कारण आंतरजालावरच्या मराठी लेखनाची पहिली मोठी लाट त्यांच्या या कामावर उभी राहिली. विकिपीडियाच्या भारतीय भाषांतल्या आवृत्त्यांवरही पुढे टंकनाची सोय जावास्क्रिप्टमधूनच पुरवली गेली.

याच दशकात पान तेथल्या तेथे बदलणे ही केवळ शोभेची बाब उरली नाही. मायक्रोसॉफ्टने मार्च 1999 मध्ये आपल्या एक्सप्लोरर 5 बरोबर, मुख्यतः आउटलुक या ईमेल-प्रोग्रामच्या वेबवरील आवृत्तीसाठी, पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवणारे एक साधन दिले होते, आणि इतर ब्राउझरांनी ते उचलले होते. एप्रिल 2004 मध्ये आलेल्या जीमेलने आणि फेब्रुवारी 2005 मध्ये आलेल्या गूगल मॅप्सने त्याची ताकद सर्वांना दाखवली आणि त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले. प्रत्यक्षातली बहुसंख्य एजॅक्स पाने अगदी साधी होती. सर्व्हरने एचटीएमएलचा एक तयार तुकडा पाठवायचा आणि स्क्रिप्टने तो एखाद्या रिकाम्या घटकाच्या ‘इनरएचटीएमएल’मध्ये ठेवायचा. जॉन रेसिग यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेक्वेरी या संग्रहाने तर ब्राउझरांमधले सगळे भेद आपल्या पोटात घेऊन ‘एचटीएमएल’, ‘टेक्स्ट’, ‘अपेंड’ अशा सुटसुटीत आज्ञा दिल्या, ज्या प्रोग्रामिंगचे विधिवत शिक्षण न घेतलेल्या असंख्य वेबरचनाकारांनाही सहज वापरता आल्या.

ओळीच्या रीतीचा खरा धोका याच काळात उघड झाला. ओळ लिहिताना तिच्यात वाचकाने दिलेली अक्षरे मिसळली, तर ब्राउझरला त्यातली कोणती अक्षरे लेखकाची आणि कोणती परक्याची हे ओळखता येत नाही. परक्याने कोनी कंसांत एखादी आज्ञा लिहिली असेल, तर तीही तो इमानाने पाळतो. या प्रकाराला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात आणि त्याविषयीचा जाहीर इशारा अमेरिकेतल्या सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने फेब्रुवारी 2000 मध्येच दिला होता. त्याची व्याप्ती सर्वसामान्यांना कळली ती 4 ऑक्टोबर 2005 रोजी, जेव्हा सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेस या तेव्हाच्या लोकप्रिय समाजमाध्यमावर आपल्या परिचयपानात एक स्क्रिप्ट दडवली. ते पान जो पाही, त्याच्या खात्यातून कामकारला मैत्रीची विनंती जाई आणि तीच स्क्रिप्ट त्याच्याही परिचयपानात चिकटे. वीस तासांच्या आत हा प्रसार दहा लाखांहून अधिक खात्यांपर्यंत पोचला आणि मायस्पेसला आपली सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. पुढे कामकारवर खटला होऊन त्याला न्यायालयाच्या देखरेखीखालील परिवीक्षेची शिक्षा झाली.

या प्रकरणातला तांत्रिक तपशील इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. मायस्पेस वापरकर्त्यांना एचटीएमएल लिहू देई, पण धोकादायक शब्द गाळून टाकी. स्क्रिप्टचा टॅग तेथे चालत नसे, म्हणून कामकारने पार्श्वभूमीच्या चित्राचा पत्ता लिहिण्याच्या जागी स्क्रिप्ट घातली. ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळला जाई, म्हणून त्याने ‘जावा’ आणि ‘स्क्रिप्ट’ यांच्या मध्ये ओळ तोडली, जी काही ब्राउझर मनावर घेत नसत. ‘इनरएचटीएमएल’ हा शब्दसुद्धा गाळला जाई, म्हणून त्याने त्याचे दोन अर्धे वेगवेगळे लिहिले आणि स्क्रिप्ट चालतानाच ते जोडून घेतले. शब्दांची यादी करून ओळ शुद्ध करता येईल, हा समज यातून कायमचा खोटा ठरला. अमित क्लाइन यांनी त्याच वर्षी एका निबंधात दाखवून दिले होते की, सर्व्हर पूर्ण निर्दोष असला तरी ब्राउझरातली स्क्रिप्टच पानाच्या पत्त्यातली अक्षरे उचलून ‘डॉक्युमेंट.राइट’ने पानात लिहीत असेल, तर हल्ला तेथल्या तेथे घडू शकतो.

वृक्षाच्या रीतीत ही फट मुळातच नाही. ‘क्रिएटटेक्स्टनोड’ने निर्माण केलेल्या गाठीत, किंवा 2004 च्या डॉम तिसऱ्या पातळीने आणलेल्या ‘टेक्स्टकंटेंट’ या गुणधर्मात, काहीही लिहिले तरी ती केवळ अक्षरे म्हणून दिसतात, कारण तेथे पार्सर मध्ये येतच नाही. कार्यगटाने 1998 मध्ये कदाचित केवळ नेटकेपणासाठी घेतलेला निर्णय सुरक्षिततेच्या कसोटीवरही खरा उतरला, हे मान्य केले पाहिजे. ‘इनरएचटीएमएल’चे नियम जेव्हा अखेर एचटीएमएल 5 च्या कामात सविस्तर लिहिले गेले, तेव्हा त्यातून घातलेला स्क्रिप्टचा टॅग चालणार नाही, असे त्यात नमूद झाले, पण न उमटणाऱ्या चित्राच्या टॅगमध्ये ‘चूक झाल्यास हे कर’ अशी आज्ञा लिहून तीच गोष्ट साधता येते, त्यामुळे हे कुंपण अपुरेच राहिले. या गुणधर्माला दुसराही दोष आहे. जुन्या मजकुराला नवा जोडण्यासाठी तो वापरला, तर ब्राउझर आधीचे सर्व घटक मोडून नव्याने घडवतो, आणि वाचकाने अर्धवट भरलेले रकाने व घटकांना बांधलेल्या प्रतिसादाच्या स्क्रिप्ट नाहीशा होतात.

या दोन रीतींना एकत्र आणण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न फेसबुकमधील जॉर्डन वॉक यांनी केला. मे 2013 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या त्यांच्या रिअॅक्ट या संग्रहात प्रोग्रामर एचटीएमएलसारखीच दिसणारी ओळ लिहितो, पण तिचे रूपांतर आधी साध्या वस्तूंच्या एका हलक्या वृक्षात होते. माहिती बदलली की नवा हलका वृक्ष तयार होतो, जुन्याशी त्याची तुलना होते आणि जेवढा फरक असेल तेवढाच खऱ्या पानात उतरवला जातो. यामुळे ओळीचा वाचनीयपणा राहिला आणि मध्ये मिसळलेली परकी अक्षरे मुळातच अक्षरे म्हणून राहू लागली. रिअॅक्टमध्ये सुरुवातीला पानाची पहिली मांडणी एचटीएमएलची लांब ओळ रचूनच केली जाई, ही बाब मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नसते. एप्रिल 2016 मधल्या पंधराव्या आवृत्तीत ती सोडून ‘क्रिएटएलिमेंट’चा स्वीकार झाला, कारण तोवर ब्राउझर इतके सुधारले होते की ओळीची जुनी गती आता निर्णायक उरली नव्हती. त्याच सुमारास ब्राउझरांनी ‘अपेंड’, ‘बिफोर’, ‘रिप्लेसविथ’, ‘रिमूव्ह’ अशा आटोपशीर आज्ञा स्वतःच दिल्या आणि आठ पायऱ्यांचे काम पुष्कळ हलके झाले.

सर्वांत जुन्या ‘डॉक्युमेंट.राइट’ला याच काळात उतरती कळा लागली. ही आज्ञा पार्सरला थांबवून ठेवते आणि तिच्यातून आणखी एखादी दूरची स्क्रिप्ट मागवली असेल, तर ती येईपर्यंत पान कोरेच राहते. गूगलने 2016 मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरात टू-जी जाळ्यावरच्या वापरकर्त्यांसाठी अशा बाहेरच्या स्क्रिप्ट अडवण्यास सुरुवात केली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तेव्हा मोबाइलवर वेब पाहणाऱ्या पुष्कळ जणांसाठी टू-जी हेच उपलब्ध जाळे असल्याने, हा निर्णय येथल्या वाचकालाही थेट लाभाचा होता. एचटीएमएलचे मानक आज या आज्ञेचा वापर टाळण्याचा स्पष्ट शब्दांत आग्रह धरते, तरीही ती काढून टाकलेली नाही, कारण तीस वर्षांत लिहिलेली पाने मोडू द्यायची नाहीत हा वेबचा अलिखित करार आहे.

हाच करार ‘इनरएचटीएमएल’लाही लागू असल्याने त्याला आवर घालण्याचे मार्ग बाहेरून शोधावे लागले. क्रोमच्या 2020 मधल्या 83 व्या आवृत्तीने ट्रस्टेड टाइप्स ही व्यवस्था आणली, जिच्यात संकेतस्थळाच्या चालकाने तसे जाहीर केल्यास या गुणधर्माला साधी ओळ देताच ब्राउझर चूक दाखवून थांबतो आणि ठरलेल्या चाळणीतून गेलेली ओळच स्वीकारतो. रिअॅक्टने त्याआधीच कच्ची ओळ घालण्याच्या आपल्या सोयीला ‘डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल’ असे मुद्दाम लांब आणि धास्ती घालणारे नाव दिले होते. 2024 च्या पूर्वार्धात फायरफॉक्स, सफारी आणि क्रोम या तिन्ही ब्राउझरांत ‘सेटएचटीएमएलअनसेफ’ ही नवी आज्ञा आली, जिच्या नावातच ती असुरक्षित असल्याचे लिहिले आहे. तेच काम 1997 पासून करणाऱ्या ‘इनरएचटीएमएल’च्या नावात असा कोणताही इशारा नाही, आणि आता तो घालताही येणार नाही.